बॉनेटखालचं लिंबू

नार्व्याच्या जयरामची जुनी अँबॅसॅडर लहरी झाली होती. सकाळी पहिल्या चावीला सुरू व्हायची आणि दुपारी डिचोलीच्या बाजारात नुसती 'टक्' करून गप्प बसायची. बॅटरी बदलली, सेल्फ उघडून साफ केला, तरी तिचा हट्ट सुटेना.

भाग्यलक्ष्मीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या मते ही दृष्ट होती. गणेश चवथीला शेजारच्या रुद्रेशनं "गाडी काय झळकता!" म्हटलं, त्याच संध्याकाळी तिनं बॉनेटखाली लिंबू-मिरची बांधली होती. तरीही पुढं गाडी अडायला लागली, तेव्हा दृष्ट जबरदस्त असणार म्हणून ती दर शनिवारी ताजं लिंबू बांधू लागली. जयरामनं 'तुझीच दृष्ट लागली' असं सुनावून रुद्रेशशी बोलणंच टाकलं.

शेवटी एका रविवारी तो वैतागला. बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनाला जाड वायर जोडून त्यानं चावी फिरवली. गाडी सुरू झाली. पुन्हा पुन्हा फिरवली, दर वेळी झाली. म्हणजे खोट मूळच्या अर्थिंगच्या वायरीत! बोटानं माग काढत तो तिच्या बोल्टपाशी पोचला. बोल्टावर हिरवट गंज साचला होता आणि त्यालाच बांधलेलं लिंबू त्याच्यावर गळत होतं.

"तुका बांधूक होच बोल्ट गावलो?" तो बायकोवर ओरडला.

"भायर बांधलां तर रुद्रेशाक दिसतलां!"

बोल्ट घासूनपुसून जयरामनं गाडी तडक रुद्रेशच्या दारात नेली. रुद्रेश बाहेर आला आणि माडाकडे बघत उभा राहिला. गाडीकडे चुकूनही बघेना.

"अरे, बघ मरे तिच्याकडे," जयराम म्हणाला. "बरी दिसता म्हण!"