विंगेतली छडी

मित्रांनो, मी एक जुनी वेताची छडी आहे. लगेच हात मागे लपवू नका! मी आजवर कुणाला मारलेलं नाही. मी नाटकं बसवली आहेत, हो, नाटकं.

मढीच्या यात्रेत तिसगावच्या आप्पासाहेब मास्तरांनी मला घेतलं. गावच्या जत्रेतलं नाटक तेच बसवायचे. त्या काळी दिग्दर्शक म्हणजे सर्वेसर्वा. कुणी कुठं उभं राहायचं, कधी रडायचं, सगळं तेच करून दाखवायचे. प्रयोगाला विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेला आडोशाला उभं राहून ते मला फळीवर आपटायचे. एक ठोका, पुढं या. दोन ठोके, खाली बसा. माझा रुबाब काय सांगू, माझ्यावाचून पान हलत नव्हतं!

यंदा मास्तरांचे गुडघे थकले, तेव्हा त्यांच्याच तालमीत वाढलेल्या ज्योतीनं नाटक हाती घेतलं. ती आता शहरात, सावेडीत राहते, शाळेत शिकवते. तिनं मला सरळ खिळ्याला अडकवलं. ती नटांना सांगायची कमी आणि विचारायची जास्त. मला बाई भारी राग आला.

खरी पंचाईत झाली सहादेवकाकांची. बापाची भूमिका कायम त्यांचीच. पण ठोका पडल्याशिवाय त्यांचा पाय उचलेना. लेक ऊसतोडीला निघते, त्या प्रवेशात ते नुसतेच खांबासारखे उभे. भूमिका दुसऱ्या नटाला, अजिनाथला द्या, असं मंडळी म्हणू लागली. काका पार हिरमुसले.

ज्योती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. "काका, तुमची लेक रुपाली ऊसतोडीला कारखान्यावर निघाली, तवा तुमी काय केलं हुतं?"

"काय करनार? रडू यायला लागलं, म्हनून पान्याची बाटली भरत बसलो."

"मग तेच करा की."

प्रयोगाला ज्योती प्रेक्षकांत जाऊन बसली. विंगेत तिनं मास्तरांना मानानं खुर्ची दिली होती आणि त्यांच्या हातात मला. बापाचा प्रवेश आला आणि काका थिजले. त्यांनी वळून विंगेत पाहिलं. मास्तरांचा हात वर गेला, माझाही जीव वाजायला आसुसला. पण मास्तरांनी मला हळूच मांडीवर ठेवलं आणि ते पुटपुटले, "न्हाई. त्याचं त्याला करू दे."

काका घुटमळले. मग माठाकडे गेले. बाटली भरली, झाकण लावलं, पुन्हा उघडून आणखी घोटभर पाणी ओतलं. लेकीला निरोप द्यायची त्यांना घाईच नव्हती. समोर बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले.

पडदा पडल्यावर ज्योती मास्तरांच्या पाया पडली. "रंगमंचावर उभं राहायला तुमीच शिकवलं, मास्तर."

"पोरी, आमी सहादेवला चालवलं, बसवलं," मास्तर म्हणाले, "पन त्याच्या घरचं कदी इचारलं न्हाई. तू इचारलंस, म्हनून त्याच्यातला बाप आज दिसला."

मित्रांनो, मी मास्तरांची जन्माची ऋणी आहे आणि ज्योतीचीही. उद्या तुम्ही कुणाला शिकवाल, तेव्हा समोरचा अडला की लगेच ठोका मारू नका. थोडा दम धरा. आणि आम्हा जुन्यांना अडगळीत टाकू नका, तेवढं करा. आयुष्यभर माझ्याच आवाजाच्या नादात मी होते. त्या दिवशी गप्प राहिले आणि काकांसाठी पडलेल्या टाळ्या मला पहिल्यांदाच धड ऐकू आल्या.