शनिवारचं स्टेशन

फाटकाचा दांडा अजून वर जात होता – आगकाडीएवढा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, टोकाचा लाल रंग नखाने खरवडल्यासारखा गेलेला – आणि मागचं शिशाचं वजन करंगळीने दाबलं की सावकाश, जराही न थरथरता उभा राहत होता. हेप्झिबाने तो चार वेळा वर केला. चार वेळा खाली. पाचव्यांदा करावा असं वाटलं, पण हाताला कंटाळा आला. हाताला, तिला नव्हे, असा फरक अलीकडे तिच्या लक्षात येऊ लागला होता. आई गेल्यापासून शरीर तुकड्यातुकड्याने थकत होतं, आणि मन बहुधा थकलेलंच उठत असे.

इमारत पाडायची होती. महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचं, मग तीन वर्षं खारघरला भाड्याने, मग इथेच, लाईन आळीत, नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर... तिने नकाशा पाहिला होता, सही केली होती, आणि अकराव्या मजल्यावरून आपल्याला काय दिसेल याची कल्पना करायचा आळस केला होता. आज मात्र एकच काम. चार वाजता डेबोरा येणार, तिच्या मावसबहिणीची मुलगी, उद्या ती इस्रायलला निघालेली. तिच्या बॅगेतून ही पत्र्याची पेटी अश्दोदला रोनेनकडे जायची. रोनेन म्हणजे दादा. तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, एकोणिसाव्या वर्षी गेलेला, आता बासष्टचा, दोन महिन्यांपूर्वी बायपास झालेला, आणि घरात बसून कंटाळल्यावर ज्याला एकाएकी स्टेशन आठवलं असा.

इंजिन आणि दोन डबे त्याने जाताना नेले होते. मागे राहिलं ते गाडी सोडून सगळं. दिव्यांचे सात खांब, पाण्याची टाकी, दोन बाकं, सिग्नल, हे फाटक, हमाल, टोपलीवाली बाई, एकूण एकोणीस माणसं – कोणाचीही उंची नखापेक्षा जास्त नाही. ते मूळचं मोझेसकाकांचं. मोझेसकाका चौसष्ट साली इस्रायलला गेले तेव्हा पप्पांना देऊन गेले. त्या काळी पनवेलची आमची ज्यू माणसं एकेक करून जात होती आणि जाणाऱ्यांनी ठेवलेल्या वस्तूंनी आमचं घर भरत होतं. कुणाचं शिवणयंत्र, कुणाचा आरसा. लहानपणी मला वाटे, माणसं जातात म्हणूनच घरात सामान येतं.

दारात बुधाजी उभा होता, लोखंडी कपाट न्यायला आलेला. त्याच्या खांद्यावर दोर होता.

"ताई, कपाट उचलतो. ही पेटी बी जायाची हाय काय?"

"नाही. ती भावाकडे जायची. इस्रायलला."

बुधाजीने वाकून आत पाहिलं. "खेळणी? इमानातून?" तो हसला. "तिकरं खेळणी मिलत नाय?"

"ही मिळत नाहीत."

"आमच्या जासईला कंटेनर भरभरून येतात. तुमच्या भावाला आख्खा एक धाडू आपन, काय?" त्याने कपाटाला दोर आवळला, आणि मग, कपाटाशीच बोलल्यासारखा, म्हणाला, "इतकी वर्सं जपलंव तुमी. बाय मानसाचा हात."

कपाट गेलं, भिंतीवर त्याच्या आकाराचा फिकट चौकोन राहिला. जपलं... तिने खरं तर जपलं नव्हतं. फक्त उघडलं नव्हतं. तिला जी एक वस्तू पाहायची नव्हती ती पेटीच्या तळाशी, कापसात होती, आणि एक वस्तू पाहायची नाही म्हणून बाकीच्या सगळ्या अशा सुरक्षित राहिल्या होत्या – हवा नाही, प्रकाश नाही, हाताळणी नाही. तळोज्याच्या प्रयोगशाळेत तिने एकतीस वर्षं नमुने असेच ठेवले होते.

तिने कापूस उलगडला.

स्टेशनमास्तर. निळा कोट, कोटाची बटणंसुद्धा शाबूत, एका हातात हिरवं निशाण. आणि मानेच्या वर चेहरा नाही, पांढरट, खचलेला गोळा. तिने भिंग काढलं, नोकरीतलं, दहापटीचं. आपण काय पाहणार आहोत हे ठाऊक असूनही काढलं. उष्णतेने वितळलेल्या प्लास्टिकला बुडबुडे येतात, कडा गोल होऊन ओघळतात, रंग पिवळा पडतो. इथे त्यातलं काही नव्हतं. पृष्ठभाग फुगून मऊ झाला होता आणि मऊ असताना कुणीतरी त्याला धरलं होतं. भिंगाखाली बारीक, समांतर, वळत गेलेल्या रेषा दिसत होत्या. दहा वर्षांच्या अंगठ्याच्या.

शनिवारी गाडी नसे. शब्बाथ. विजेच्या कशालाही हात लावायचा नाही हा पप्पांचा नियम, त्यामुळे गाडी चालली की तापणारा तिचा ट्रान्सफॉर्मर शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागायच्या आत बंद व्हायचा आणि शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत तसाच राहायचा. पण हाताने हलणाऱ्या गोष्टींना मनाई नव्हती. म्हणून शनिवार माझा. रोनेनला गाडी नसलेल्या स्टेशनात रस नव्हता, तो वडाळे तलावावर निघून जायचा; मी माणसं मांडायची, फाटक पाडायची, सिग्नल द्यायची, टोपलीवालीला बाकावर बसवायची, ती दमली की उठवायची... गाडी येणार नाही हे सगळ्यांना माहीत असायचं आणि कुणाची तक्रार नसायची. इतकं शांत स्टेशन मी पुन्हा पाहिलं नाही.

त्या शनिवारी तिला स्टेशनमास्तरची टोपी पांढरी करायची होती, सिनेगॉगमध्ये पप्पा घालत तशी. आधी मूळचा रंग काढायला हवा. राहायला आलेल्या मावशीच्या पेटीतली नेलपॉलिश काढायची बाटली, बाटलीचं झाकण, झाकणात स्टेशनमास्तर उलटा, डोकं खाली. दोन मिनिटं. घरातले सगळे झोपलेले. बाहेर काढला तेव्हा रंग गेला होता आणि रंगाखाली जे होतं तेही चाललं होतं. तिने ते परत बसवायला अंगठ्याने दाबलं. मग सुकायला ठेवला – ट्रान्सफॉर्मरवर, कारण तीच एक सपाट जागा खिडकीच्या वाऱ्यापासून आडोशाला होती. वास लगेच उडाला. ॲसिटोन फार लवकर उडतं; हे कारण कळायला पुढे आठ वर्षं लागली, पण ते उडून गेलं हे तेव्हाच कळलं.

पप्पा उठले. ट्रान्सफॉर्मरवर वितळलेला स्टेशनमास्तर. रोनेन नुकताच तेरा पूर्ण झालेला, बार मित्झ्वा होऊन सहा आठवडे – म्हणजे आता त्याचं पाप त्याच्या नावावर. पप्पांनी ट्रान्सफॉर्मरला एकदा बोट लावलं असतं तर तो थंडगार आहे हे कळलं असतं. पण शब्बाथ होता. त्यांनी बोट लावलं नाही. तारे दिसेपर्यंत ते खुर्चीवर बसून राहिले, आणि तारे दिसल्यावर लावून काही उपयोग नव्हता, तोवर खरंच चालवलेलाही थंड झाला असता. ही एवढी साधी, एवढी भयंकर गोष्ट तिला बी.एस्सी.च्या वर्षी, प्रयोगवहीत 'निरीक्षणाची वेळ' हा रकाना भरताना कळली, आणि ती वर्गातून उठून बाहेर गेली होती.

रोनेन तीनदा म्हणाला, मी गाडी चालवली नाही. तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज फुटत होता, वय तसं होतं. मग तो म्हणायचा थांबला. मारलं नाही त्याला. पप्पा फक्त शनिवारी सिनेगॉगला जाताना त्याचा हात धरेनासे झाले. गाडी वर्षभर ट्रंकेत गेली. आणि त्यांच्यात जे बंद झालं ते मी पाहत राहिले, दहाव्या वर्षी, अकराव्या, सोळाव्या... तो विमानात बसेपर्यंत. पप्पांनी निरोप देताना त्याला इंजिन दिलं. माफी म्हणून दिलं असावं. कशाची माफी, हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं.

फोन वाजला. व्हिडिओ कॉल, पडद्यावर आधी छत, मग रोनेनचं कपाळ, मग रोनेन.

"हेपू! पेटी भरली?"

"भरतेय."

"माणसं मोजून घे हं. एकोणीस. आणि स्टेशनमास्तर! तो वितळलेला. त्याला विसरशील, मुद्दाम सांगतो. नातीला तोच पाहिजे."

"तोच का?"

"अगं, तिला गोष्ट सांगितलीय ना मी. रोज सांगायला लावते. तुझ्या आजोबाने शब्बाथच्या दिवशी, सगळे झोपलेले असताना, चोरून गाडी चालवली..." तो हसायला लागला आणि छातीवर हात धरून थांबला. टाके अजून ओढत असावेत.

"तू चालवली होतीस?" तिचा आवाज तिला सपाट ऐकू आला, आकडा वाचून दाखवावा तसा.

"मग काय! दोनच फेऱ्या. आवाज होऊ नये म्हणून अगदी हळू. माझ्या बोटांत अजून आहे गं ती झिणझिण." तो कॅमेऱ्याच्या जवळ आला. एक डोळा मोठा झाला. "आणि पप्पांशी तीनदा खोटं बोललो. ते मात्र... बघ, ऑपरेशनच्या आधी खूप छळलं त्याने. गेल्या दारफाळणीच्या सणाला चोवीस तास कडक उपास केला, पाणी नाही, आणि देवाला सांगून टाकलं सगळं. हलकं वाटलं. तू पण सांगून बघ काही असलं तर." तो पुन्हा हसला. "तुझं काय असणार म्हणा. तू शहाणी बाय."

पडदा काळा झाल्यावर ती बराच वेळ त्यात स्वतःला पाहत राहिली.

तो त्या दुपारी घरात नव्हता. एक ते पाच ती त्या खोलीत होती, दरवाजाकडे तोंड करून. या बाबतीत शंकेला जागा नाही. मग ती झिणझिण? एकोणपन्नास वर्षांत त्याने ती कुठून आणली? माणसावर एखादी गोष्ट इतकी वर्षं ठेवली की तो तिच्यासाठी आत जागा करतो, बोटं देतो, दोन फेऱ्या देतो... आणि ज्या एकाच वेळी तो छाती ठोकून खरं बोलला, त्याची त्याने उपाशीपोटी क्षमा मागितली. आणि त्याला हलकं वाटलं. चिडावं तर कुणावर? तिला क्षणभर खरोखरच राग आला, रोनेनचा. जे मी इतकी वर्षं वाहिलं ते तू गोष्ट करून पोरीला सांगतोस.

सांगायचं नाही, हेही एक उत्तर होतं. त्याला गोष्ट आहे, नात आहे, टाके ओले आहेत. स्टेशनमास्तर काही बोलणार नाही; रोनेनने जन्म बसच्या डिझेल इंजिनांत काढला, प्लास्टिक कशाने मऊ पडतं हे त्याच्या ध्यानात यायचं नाही. देवाविरुद्ध केलेलं देव माफ करतो, असं पप्पा म्हणत; माणसाविरुद्ध केलेलं त्या माणसानेच माफ करायचं. मग ज्याला आपल्याविरुद्ध काही झालं हेच आठवत नाही त्याने काय करायचं?

तिने चिठ्ठी लिहायला घेतली. पहिली प्रयोगशाळेच्या अहवालासारखी झाली: नमुना, निरीक्षण, निष्कर्ष. फाडली. दुसरीत ती दहा वर्षांची होती हे दोनदा आलं. तीही फाडली. जेवायची वेळ टळली, कुणी विचारलं नाही. आई असती तर आतून ओरडली असती, हेप्झिबा, पोळी गार होते. तिसरी चिठ्ठी चार ओळींची:

'दादा, तू त्या दिवशी गाडी चालवली नव्हतीस. तू तलावावर होतास. स्टेशनमास्तर मी नेलपॉलिशच्या औषधात बुडवला. तू पप्पांना तीनदा सांगितलंस ते तिन्ही वेळा खरं होतं.'

शेवटचं वाक्य तिने पुन्हा वाचलं. ते वाक्य त्याचं होतं. तिच्याकडे चुकून राहिलेलं, इंजिनाबरोबर जायला हवं होतं असं. तिने चिठ्ठी स्टेशनमास्तरभोवती गुंडाळली, वर कापूस, वर दोरा.

डेबोरा सव्वाचारला आली, गाडी खाली चुकीच्या जागी लावून, धापा टाकत.

"हेप्झीमावशी, वजन किती गं याचं? मला तेवीसच अलाउड आहे आणि आईने नुसता चिकूहलवा चार किलो दिलाय."

"एक किलो दोनशे चाळीस."

"तू ना!" डेबोरा हसली. "बॅटरीबिटरी नाही ना आत? लिक्विड? एअरपोर्टवर उघडायला लावतात."

"नाही. खेळणी आहेत. आणि एक चिठ्ठी."

"चिठ्ठी? अगं व्हॉट्सॲप कर ना. आजच्या काळात कोण चिठ्ठी पाठवतं?" तिने पेटी काखेत मारली. "परवा शनिवार, मी थेट रात्री त्यांच्याकडे जाईन, शब्बाथ सुटल्यावर. नातीसमोरच उघडणार म्हणत होते मामा, व्हिडिओ काढणार. तुला पाठवते मी."

"नातीसमोर?"

"हो मग! सगळे जमणार आहेत. चल, पळते. मावशी, जेवलीस का तू? चेहरा बघ." आणि ती गेली. जिन्यावर तिच्या सँडल वाजत गेल्या, खाली कुणाशी तरी तिने हॉर्नवरून भांडण केलं, जिंकली, आणि गाडी गेली.

सगळ्यांसमोर. हे तिने धरलं नव्हतं. तो कापूस सोडेल, चिठ्ठी निघेल, नात म्हणेल वाच, त्याला मोठ्याने वाचावी लागेल... की वाचता वाचता थांबेल. रागवेल का? रागवला तर बरं. आता या जगात तिच्यावर रागवू शकेल असा तो एकच उरला होता. पप्पा नाहीत, आई नाही, आणि एकोणसाठ वर्षांच्या निवृत्त बाईला बाकीचे सांभाळूनच घेतात. पण हसला तर? अगं हेपू, एवढंच? असं म्हणाला तर – मग एकोणपन्नास वर्षं एवढीच ठरतील.

डेबोरा अजून पनवेलच्या हद्दीत असेल. तिने फोनवर नाव काढलं. 'चिठ्ठी काढून ठेव', एवढं सांगितलं की झालं. आज सांगता येईल, उद्या विमान सुटेपर्यंत सांगता येईल, शनिवारी रात्रीसुद्धा, त्याच्या दारात डेबोरा उभी असतानाही. नावावर अंगठा टेकला होता, दाबला नव्हता. छातीत ठोके पडत होते, मोठे, स्पष्ट, मोजता येतील असे, आणि ती मोजत नव्हती. मी घाबरलेय, असं तिला वाटलं. आणि सकाळपासूनच काय, कित्येक महिन्यांत प्रथमच तिला मुळीच दमल्यासारखं वाटत नव्हतं.