सातव्या ग्रीनच्या लाद्या

ओलं गोणपाट. त्याखाली सहाशे चाळीस लाद्या, गवताच्या, दोन बोटं मातीसकट कापलेल्या, दारातल्या पायपुसण्याएवढ्या.

*

दातांच्या डॉक्टरांच्या टॉवेलवर दीपगृह भरलेलं आहे. तो टॉवेल ते धुवायला टाकत नाहीत.

*

समुद्र तीन वर्षांत एकवीस पावलं आत आला. पावलं मुकादमाची. टेप घरी राहते, पाय राहत नाहीत.

*

“शेजारून रेल्वे जात नाही, ते मैदानच नाही,” वकील म्हणाले.

*

माणसाचा ताप कपाळाला हात लावून कळतो. रचून ठेवलेल्या लाद्यांचा ताप त्यांच्या पोटाखाली हात घालून बघायचा. गार लागलं तर वेळ आहे. कोमट लागलं तर आतून शिजायला लागल्या. वरून पाती हिरवीगार दिसतात, त्यावर जाऊ नये.

*

पावणेदहाला मुकादमाने गोणपाटाखालून हात काढला, पँटला पुसला आणि क्लबच्या व्हरांड्याकडे निघाला. हात गार होता. अजून गार होता.

शेतजमीन संपते आणि लाटा सुरू होतात त्यांच्या मधल्या वाळूच्या पट्ट्यावर हे गोल्फचं मैदान होतं. झाड नाही, आडोसा नाही, सगळं उंचसखल आणि खारं. अशा मैदानाला खेळणारे लिंक्स म्हणतात, आणि ज्यांनी आयुष्यात अशी दोन-तीन पाहिली आहेत ते बाकीच्या सगळ्या मैदानांना नाक मुरडून बाग म्हणतात. मुकादम याला नुसतं ‘जागा’ म्हणायचा. एकतीस वर्षं इथलं गवत त्याच्या हातचं होतं.

सातव्या होलचं ग्रीन, म्हणजे चेंडू ज्या खळीत जायचा तिच्याभोवतीचं गालिच्यासारखं कापलेलं गवत, अगदी काठावर होतं. मागच्या मोठ्या भरतीला त्याचा कोपरा ढासळून खाली गेला. ग्रीन मागे सरकवायला हवं, यावर मैदान-समितीच्या तिघांचंही एकमत झालं. त्या समितीचं एवढं एकच एकमत मुकादमाला आठवत होतं.

कुठे सरकवायचं, हा पुढचा प्रश्न. डॉक्टरांना ते टेकाडाच्या माथ्यावर हवं होतं, कारण परदेशात त्यांच्या लाडक्या दीपगृहाच्या मैदानावर ते तसंच आहे. वकिलांना खळग्यात हवं होतं, कारण त्यांच्या लाडक्या रेल्वेलगतच्या मैदानावर ते खळग्यात आहे. आणि तिसऱ्या मोठ्या बाई. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. त्यांना ते सपाटीवर वाळूच्या खड्ड्यामागे हवं होतं, कारण बेटावरच्या एका मैदानात तशा खड्ड्यात मेंढ्या बसतात आणि त्यांना उठवल्याशिवाय खेळता येत नाही. इथे मेंढ्या कुठून आणायच्या, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

शेवटी मुकादमाने आपली पाच माणसं लावून तिन्ही ठिकाणी जमीन खणून, चाळून, दाबून तयार केली. तीन बिछाने अंथरून झाले, झोपणाऱ्याचा पत्ता नव्हता.

काल संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. उद्या पहाटे कापायला घे, साडेनऊला आम्ही बसतोय, पाच मिनिटांचं काम आहे, जागा सांगून टाकतो. मुकादमाने पहाटे जुन्या ग्रीनच्या लाद्या कापायला घेतल्या. त्याची चूक म्हणाल तर एवढीच, की त्याने डॉक्टरांची पाच मिनिटं ही पाच मिनिटं धरली.

व्हरांड्यात वाऱ्यावर चर्चा चालली होती. दीपगृहाच्या मैदानावर एकाच होलला तीन दिशांनी वारा येतो, आपण पुढे मारलेला चेंडू आपल्याच मागे येऊन पडला होता, असं डॉक्टर सांगत होते. वकिलांचं म्हणणं होतं की तो वाऱ्याचा गुण नव्हे, डॉक्टरांच्या मनगटाचा. मुकादम पायरीशी उभा राहिला. बुटाला चिखल होता म्हणून वर गेला नाही. डॉक्टरांनी त्याला पाहिलं आणि बोट वर केलं. एक मिनिट.

ते बोट खाली आलं तेव्हा सव्वादहा झाले होते आणि ते मुकादमासाठी नव्हे, चहासाठी आलं होतं.

तो परत गेला. लाद्यांवर पाणी मारलं. ट्रॅक्टरवाला ट्रॉलीला टेकून उभा होता. त्याने विचारलं, काय म्हणतात? वारा म्हणतात, मुकादमाने सांगितलं. इथेही वारा सुटला होता, जमिनीवरून येणारा, कोरडा. गोणपाटाचे कोपरे फडफडायला लागले. मुकादमाने त्यांवर विटा ठेवल्या.

*

दुसरी खेप, पावणेअकरा. विषय: खळग्यातलं ग्रीन हा प्रामाणिक खेळ आहे की नाही.

डॉक्टरांच्या मते नाही. चेंडू कसाही मारा, घरंगळत खळीजवळच येणार, ही खिरापत झाली. वकील तांबडे झाले. रेल्वेलगतच्या मैदानावर याच खिरापतीपायी त्यांना एकदा नऊ फटके लागले होते, ते त्यांनी एक एक करून सांगितले. सहाव्या फटक्याला गाडी आली, इंजिनवाल्याने शिट्टी मारली, ती सहानुभूतीची होती. बाईंनी मध्येच विचारलं की डॉक्टर, तुम्ही दीपगृहावर नक्की किती वेळा खेळलात? डॉक्टर चमच्याने चहा ढवळायला लागले. साखर मघाशीच विरघळली होती.

“एकदा,” वकील म्हणाले. “तेही नऊ होल. पुढे पाऊस आला. पावसात नऊ होल आणि टॉवेल जन्मभर.”

मुकादम खाकरला. बाईंनी मान वळवली, वर्गात उशिरा आलेल्याकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाल्या, आलोच हं मुकादम, तुमच्याच विषयावर आहोत.

ते खरंच होतं. त्याचाच तर त्रास होता. इकडचं तिकडचं बोलत असते तर मध्ये तोंड घालता आलं असतं.

तिसऱ्या खेपेला टेबलावर मैदान मांडलेलं होतं. साखरेचं भांडं म्हणजे टेकाड, चमचा म्हणजे रेल्वे, उलटी बशी म्हणजे सपाटी आणि बिस्कीट म्हणजे सातवं ग्रीन. बिस्कीट टेकाडावर गेलं, खाली आलं, बशीवर चढलं. प्रत्येक ठिकाणी ते किती शोभतं यावर दहा-दहा मिनिटं गेली. मुकादम पायरीवरून बघत होता. एका बिस्किटाला बसायला जागा मिळेना आणि खाली सहाशे चाळीस बिऱ्हाडं उन्हात. बोलता बोलता वकिलांनी सातवं ग्रीन चहात बुडवून खाल्लं. कोणाच्या लक्षात आलं नाही. थोड्या वेळाने डॉक्टर ते शोधायला लागले.

परतीच्या वाटेवर बायकोचा फोन आला. जेवायला येणार की डबा पाठवू? तो म्हणाला, काही सांगता येत नाही.

“अजून ठरलं नाही त्यांचं?”

“ठरतंय.”

“मग ठरेपर्यंत सावलीत तरी बसा. लाद्यांना पाणी मारता तसं स्वतःच्या डोक्यावर मारा थोडं.”

साडेअकराला त्याने राशीखाली हात घातला. वरच्या दोन थरांची माती चुरा होऊन बोटांतून गळाली. मधले थर कोमट. त्याने हात तिथेच ठेवला, जरा खोल, अगदी तळाला नेला. तळ गार होता. किती थर गार आहेत ते तो बोटांनी मोजत राहिला आणि मोजताना त्याला स्वतःचाच राग आला, की ठरलेलं नसताना गवताला कापायचं पातं लावलंच कशाला. एकतीस वर्षांत त्याने या समितीला छत्रीचा रंग ठरवताना पाहिलं होतं. दोन पावसाळे गेले होते.

*

चौथी खेप. या वेळी तो बुटांसकट पायऱ्या चढला.

तिघं उठायच्या बेतात होते. चेहऱ्यांवर काम संपल्याचं समाधान होतं. डॉक्टरांनी सांगितलं की बरं झालं आलास, ठरलंय. क्लबचे एक जुने सभासद परवाच अशी सात मैदानं बघून परत आलेत, ते रविवारी येतील, त्यांचं मत घेऊ आणि मग पक्कं करू. घाईत असली कामं करू नयेत.

“साहेब, कापून ठेवलंय सगळं,” मुकादम म्हणाला. “तुम्हीच काल सांगितलंत.”

“हो, मग पाणी मारून ठेव ना.”

“पाण्याने रविवार नाही दिसायचा त्याला. दुपार नाही दिसायची. निम्मं आत्ताच गेलंय.”

“गेलंय म्हणजे?”

“मेलंय.”

बाई परत खुर्चीत बसल्या. पर्स मांडीवर घेऊन त्यांनी विचारलं, “मुकादम, तुम्हाला काय वाटतं? कुठे लावावं?”

एकतीस वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. तो उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच वकिलांनी आपल्या कोर्टातल्या सवयीने साक्षीदाराची लायकी आधी तपासली.

“तू अशी मैदानं किती पाहिलीस रे?”

“हे एक.”

“बघा,” वकील बाईंकडे वळले, मुकादमाकडे बोट न दाखवता, अगदी सभ्यपणे. “मग हा तुलना कशाशी करणार?”

डॉक्टरांनी मान डोलावली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना वकिलांचं पटलं होतं.

मुकादमाच्या डोक्यात बरंच काही येऊन गेलं. हे मैदान वर्षातून चार वेगळी मैदानं असतं. टेकाडावर उन्हाळ्यात चप्पल घालूनही पाय भाजतो. सपाटीवर खारं पाणी वीतभर खाली उभं असतं, मुळं तिथवर गेली की पिवळी पडतात. तुलनाच करायची तर... पण हे सांगायला पाच मिनिटं लागली असती, आणि पाच मिनिटांचं या व्हरांड्यात काय होतं ते त्याने पाहिलं होतं.

“बरं,” तो म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

खाली येऊन त्याने ट्रॅक्टरवाल्याला ट्रॉली लावायला सांगितलं. कुठे न्यायच्या, ट्रॅक्टरवाल्याने विचारलं.

“खळग्यात.”

“वकिलांचं जिंकलं का?”

“टेकाडाची सावली येते तिथे. ओल टिकते. चल.”

ज्याने नुकतंच तोंडावर तसं विचारलं होतं, त्याच्याच पसंतीच्या जागी लाद्या न्यायच्या, हे मुकादमाला टोचत नव्हतं असं नाही. टेकाडावर नेल्या असत्या तर डॉक्टर त्याच्या बाजूने भांडले असते. पण टेकाडावर गवत जगलं नसतं. त्यापुढे बाकीचं मनात आणायला वेळ नव्हता.

राशी उलगडल्या. जिवंत एकीकडे, मेलेल्या दुसरीकडे. मुकादम एकेका लादीचं पोट बघायचा, वास घ्यायचा आणि हाताने दिशा दाखवायचा. जिवंत दोनशे शहात्तर निघाल्या. एका गड्याने तीनशे तरी भरतील म्हणून हळूच दोन परत अलीकडे सरकवल्या, मुकादमाने त्या उचलून पलीकडे ठेवल्या.

फळी टाकून, फळीवर गुडघे टेकून तो लावत गेला. एक लादी, तिला खेटून दुसरी, सांधा एकासमोर एक येऊ द्यायचा नाही, तळहाताने दाबायचं, फटीत वाळू. अर्ध्या तासाने फळीवर एक सावली आली. मोठ्या बाई होत्या. त्यांनी हातमोजे काढून पर्समध्ये ठेवले, झारी उचलली आणि तो लावेल त्यावर पाणी घालायला लागल्या. पाणी घालता घालता बेटावरच्या मेंढ्यांचं सांगत राहिल्या. तिथे एक म्हातारी शेडमध्ये बसते, ती सगळ्यांना रागावते, चेंडू हरवला की आणखी रागावते. मुकादम हूं हूं करत होता. पाणी मात्र त्या बरोबर घालत होत्या, मुळाशी, धार न पाडता. हे त्याने त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्याचंही मैदान सांगितलं असतं.

चारच्या सुमाराला डॉक्टर आणि वकील गाडीतून उतरले. परवानगीचं कोणीच काढलं नाही. वकील खळग्याच्या काठावर हात कमरेला लावून उभे राहिले. सकाळपासून हेच सांगत होतो, शेवटी माझंच ऐकावं लागलं, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, एवढंसं ग्रीन, हे तुमच्या रेल्वेसारखं मुळीच नाही, दीपगृहाच्या चौदाव्यासारखं आहे. चौदाव्यापर्यंत तुम्ही गेलाच कुठे होता, वकिलांनी विचारलं. मग ते दोघं ते कशासारखं आहे यावर बोलत गाडीकडे गेले. वारा त्यांच्याकडून इकडे होता, त्यामुळे बराच वेळ ऐकू येत राहिलं.

दोन खोल्यांच्या घराएवढं गवत लागलं होतं. उरलेला बिछाना तसाच उघडा, चाळलेल्या वाळूचा. मुकादमाने त्यावर दंताळं फिरवलं, पुढच्या महिन्यात बी टाकता येईल म्हणून. मेलेल्या लाद्या गड्यांनी काठावर नेऊन जुन्या सातव्याच्या ढासळलेल्या कोपऱ्यात पालथ्या रचल्या, गवत खाली, माती वर, गुडघाभर उंचीची भिंत. भरती आली. पहिल्या लाटेने खालची ओळ नुसती भिजवली. दुसरीने तिच्यातली माती घेतली. मुकादम बूट हातात घेऊन उभा होता. तिसरी लाट बघायला तो थांबला नाही. नव्या गवतावर संध्याकाळचं एक पाणी अजून मारायचं होतं.

खरं तर त्याला निवृत्त होऊन अकरा दिवस झाले होते; त्याच्या जागी कोण, हे समितीचं अजून ठरायचं होतं. निरोपाचं भाषण डॉक्टरांनी केलं होतं.