मृत्यूचा रकाना

रुग्णालयात सगळे तिला पासवर्डबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. समोर आली की 'मॅडम'. या सरकारी रुग्णालयाचा कागदी कारभार संगणकावर आणायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं, आणि त्या कामाने तिच्या नाकी नऊ आणले होते. डॉक्टर म्हणत, आम्ही रोगी बघू की बटणं दाबत बसू? कारकून तर तिला बघितलं की चहाला निघून जात. तरी तिने सगळ्यांचं ऐकून घेत घोडं पुढे दामटलं होतं.

आज त्या सगळ्याचं उद्घाटन होतं. सभागृहात भिंतभर पडदा लावला होता आणि त्यावर आकडे झळकत होते: दाखल रुग्ण, रिकाम्या खाटा, शस्त्रक्रिया, मृत्यू. वॉर्डात नोंद झाली की पडद्यावरचा आकडा त्याच क्षणी बदलणार. अधीक्षकांच्या, म्हणजे मोठ्या साहेबांच्या, डोळ्यांत शेवटचा रकाना खुपत होता.

"पाहुणे जाईपर्यंत तिथे शून्यच दिसू दे," सकाळीच त्यांनी तिला बजावलं. "चांगल्या दिवशी कशाला अभद्र?"

तिने मृत्यूची नोंद कुलूपबंद केली. तेवढ्या वेळात कोण मरतंय, असं तिच्या मनात आलं, आणि ते मनात आल्याचं तिला काहीसुद्धा वाटलं नाही.

तेवढ्या वेळात पुरुष वॉर्डातला एक म्हातारा सुतार गेला.

नोंद नाही म्हणून शवागाराचा पास नाही, आणि पास नाही म्हणून मृतदेह नाही. हा नियम तिचाच. मागे एकदा दोन कुटुंबांना भलतेच देह दिले गेले होते, तेव्हा तिने भांडून तो करून घेतला होता. आता शवागाराचा रखवालदार हात जोडून उभा होता. "मॅडम, पासाशिवाय मी दार उघडणार नाही. तुम्हीच शिकवलंत."

सुताराची मुलगी तिच्या खोलीत आली. बरोबर काका होते, पण ते दारातच थांबले. मुलीने मोबाईल पुढे केला. रुग्णालयाचा संदेश होता: 'आपल्या रुग्णाची प्रकृती स्थिर आहे. आमची सेवा कशी वाटली? तारे देऊन कळवा.'

"ताई, हा आत्ता आलाय," मुलगी म्हणाली. "मी पळत वॉर्डात गेले. म्हटलं, चुकून दुसऱ्याच कोणाला खाली नेलं असेल. बाबांच्या खाटेवर जेवणाचं ताट ठेवलं होतं, त्यांच्या नावाची चिठ्ठी लावून. सिस्टरांना विचारलं, तर त्या रडायलाच लागल्या."

तेव्हा पासवर्डबाईच्या ध्यानात आलं. कुलूप लावल्यावर सुतार यंत्राच्या लेखी जिवंतच राहिला होता, आणि यंत्र बिचारं त्याला जेवू घालत होतं.

"हिची आई घरी दारात बसून आहे," काका दारातूनच म्हणाले. "तिला काय सांगू, तेवढं सांगा."

ती तडक साहेबांकडे गेली. साहेब आरशासमोर कोटाला फूल लावत होते.

"मेलेल्या माणसाला कसली आलीय घाई?" ते म्हणाले.

"मुलगी खोळंबलीय, साहेब."

"मग तिला चहा पाजा. आणि हे बघा, पुढच्या टप्प्याचं काम तुम्हालाच द्यायचं माझ्या मनात आहे. उगीच घाण करू नका."

त्यांनी फूल सरळ केलं आणि सुवासाचा फवारा मारला.  तिला या माणसाची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःची, कारण सकाळी मान डोलावणारी तीच होती.

सभागृहामागच्या यंत्रांच्या खोलीत जाऊन तिने पासवर्ड घातला, कुलूप काढलं आणि वॉर्डात सिस्टरना फोन केला. "नोंद करा. आत्ताच्या आत्ता." पुढचा टप्पा गेला खड्ड्यात!

पास छापला गेला. मागोमाग सभागृहातल्या पडद्यावर शून्याचा एक झाला आणि रकाना लालभडक झाला. नुकतंच सुरू झालेलं भाषण थांबलं. दाराच्या फटीतून तिने पाहिलं, साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. होऊन जाऊ दे तमाशा, तिला वाटलं.

"हे आत्ता झालं?" प्रमुख पाहुण्यांनी विचारलं. "म्हणजे, आत्ता या क्षणी?"

साहेब मुरलेले होते. त्यांनी घसा साफ केला. "या क्षणी! हीच तर आमच्या प्रणालीची कमाल. एका सेकंदाचाही उशीर नाही."

पाहुण्यांनी टाळी वाजवली. मग पहिल्या रांगेने, मग सगळ्या सभागृहाने.

ती बाहेरच्या बोळात आली. रखवालदार आणि काका स्ट्रेचर ढकलत नेत होते. मुलगी पांढऱ्या चादरीवर हात ठेवून चालली होती. टाळ्या ऐकून ती थबकली. "आत काय चाललंय, ताई?"

"काही नाही गं. तू जा, आई वाट बघतेय," पासवर्डबाई म्हणाली आणि स्ट्रेचर दाराबाहेर जाईपर्यंत उभी राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब होते, आणि आवाज आनंदाने फुलला होता. "मॅडम, झकास! पाहुणे जाम खूश आहेत. फक्त फोटोवाल्याचा नेमका तो क्षण हुकला. पुन्हा एकदा दाखवता का? वॉर्डात बघा जरा, अजून कोणी आहे का जाण्यासारखं?"

तिने फोन बंद केला, बेसिनपाशी गेली आणि पोटात होतं नव्हतं तेवढं सगळं ओकून टाकलं.