चांदीची पट्टी

"मिठाच्या पाण्याने? आई, बाबांची जखम तू रोज मिठाच्या पाण्याने धुवायचीस?"

अमेयचा आवाज इतका चढला की हॉस्पिटलच्या बाकावरची चिनी म्हातारी वळून बघायला लागली. मधुमेहाने चिघळलेला पद्माकररावांच्या पायाचा अंगठा उद्या काढायचा होता.

"मग कशाने धुणार?" नंदा म्हणाली. "तू गुडघे फोडून यायचास, तेव्हा कशाने धुवत होते?"

"अगं, ती साधी पट्टी नव्हती! तिच्यात चांदीचे कण असतात, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. ते जंतू मारतात. मिठाने ती चांदी निकामी होते. आणि तीन दिवस पट्टी उघडायचीच नसते. तू रोज सोलत होतीस!"

"कातडी काळपट पडत होती रे. मला वाटलं, सडतंय."

"चांदीचा डाग होता तो! निदान विचारायचंस तरी!"

नंदाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. आपल्याच हाताने नवऱ्याचा अंगठा घालवला, हे काय होऊन बसलं! पद्माकरराव मात्र व्हीलचेअरवर बसून भिंतीवरचा टीव्ही बघत होते.

त्यांना वॉर्डात नेल्यावर अमेय कॉफी आणायला खाली गेला. पट्टी बांधणारी केरळची सिस्टर पाय बघून हळहळली. "आंटी, अंकल को मैंने दो बार समझाया था. नमक नहीं, तीन दिन खोलना नहीं. बोले, वाइफ को बता दूँगा."

सिस्टर गेली. नंदा नवऱ्याकडे वळली.

"खरं का हो हे?"

"सांगणार होतो," पद्माकरराव चादर चाचपत म्हणाले.

"कधी? पाय कापल्यावर?"

"तू रोज संध्याकाळी टब घेऊन बसायचीस. पाय मांडीवर घ्यायचीस. या परक्या देशात, पुंगोलच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर माझ्याशी बोलतं कोण? तेवढाच वेळ बरा जायचा."

एखादी विरघळली असती. नंदाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"बोलायला तोंड दिलंय ना देवाने! जन्मभर धड दोन शब्द बोलला नाहीत, आणि आता पाय पुढे केलात? पोरगं मला चारचौघांत बोलत होतं, तेव्हा टीव्ही बघत बसलात! अंगठा तुमचा जाणार आणि खापर माझ्या डोक्यावर!"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत!"

अमेय कॉफी घेऊन दारात उभा राहिला. "आता काय झालं?"

नंदाने नवऱ्याकडे पाहिलं. बोला ना, आता तरी बोला!

"काही नाही," पद्माकरराव म्हणाले. "आईला जरा टेन्शन आलंय."

मग तिनेच सगळं सांगितलं, न रडता. अमेय खाली मान घालून ऐकत राहिला. "बाबा, काय हे," एवढंच म्हणाला. आईची माफी मागायचं त्याला सुचलं नाही, आणि 'माफी माग' असं तीही म्हणाली नाही.

घरी आल्यावर पट्टी बदलायचं काम अमेयकडे गेलं. एका संध्याकाळी सवयीने पद्माकररावांनी स्टुलावर पाय ठेवला आणि हाक मारली, "अगं, ऐकलंस का?"

नंदाने ऐकलं. ती दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये उकिडवी बसली होती. पाय धुवायच्या त्या टबाला तळाशी भोकं पाडून तिने त्यात कढीपत्ता लावला होता. तिने त्याच्या बुंध्याशी माती दाबली, आणि सावकाश पाणी घातलं.