विनताबाईंच्या ओसरीवरचा पाट

श्यामसुंदर मास्तरांनी अफू सोडायची ठरवली, तेव्हा अख्ख्या गल्लीला त्यांची दया आली. खात होते तेव्हा कोणालाच आली नव्हती. पोटदुखीवर म्हणून सुरू झालेली गोळी आता त्यांना वर्गात उभ्या उभ्या झोपवत होती. हेडमास्तरांनी सुट्टी देताना बजावलं होतं, शुद्धीवर या, नाहीतर येऊच नका.

डॉक्टर चिंतामणींची पद्धत साधी होती. गोळी रोज थोडी लहान करायची, ती स्वतःच्या हातानं द्यायची, नाडी बघायची, पेज पाजायची. गोळी लहान होत गेली. मास्तर मात्र दिवसेंदिवस सुखी दिसू लागले. डॉक्टरांनी त्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"वहिनी, एवढी अफू मी दिलेली नाही."

मास्तरांच्या पत्नी विनताबाईंनी त्यांच्या उशाशी कोणीतरी ठेवून गेलेला पेढा फोडला. आत काळी गोळी. आजाऱ्याला रिकाम्या हातानं कोणी भेटत नाही. शिवाय अफू तुटली की माणूस मरतो, हे जबलपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे भेटायला आलेला प्रत्येक जण मास्तरांचा जीव वाचवून गेला होता.

विनताबाईंनी ओसरीवर पाट मांडला. ज्यानं जे आणलं, ते त्यानं आधी इथं बसून खायचं. मग आत.

त्या दिवशी सगळ्यांनाच उपास आठवले. आमच्या गल्लीत चातुर्मासातही एवढी भक्ती नसते.

बाहेरची रसद थांबली, तसं मास्तरांचं नाक वाहू लागलं, पाय पिळवटून निघाले.

"अगं, एक तुकडा दे. मरीन मी."

"मरणार नाही," डॉक्टर म्हणाले. "मी इथंच बसलोय. मरावंसं मात्र वाटेल."

"तुम्ही खुशाल ओरडा," विनताबाई म्हणाल्या. "शेजाऱ्यांचं मी बघते."

तेवढ्यात थोरले दीर भय्यासाहेब पेढे घेऊन आले. पाट पाहून थबकले.

"अच्छा. म्हणजे सख्ख्या भावाला मी विष देऊन राहिलो? सरकारी ठेक्यावरची अफू आहे. सरकार विष विकेल?"

"मग खा की."

"धाकटी भावजय मला हुकूम करणार?"

"हुकूम कुठला? पाट दिलाय बसायला."

भय्यासाहेबांनी बाणेदारपणे सगळे पेढे खाल्ले आणि थोड्या वेळानं खांबाला टेकून घोरू लागले.

"यांना झोपू देऊ नका," डॉक्टर म्हणाले. "दोन्हीकडून धरून फिरवा."

एक दंड डॉक्टरांनी धरला. दुसऱ्याचा प्रश्न आला. थोरल्या दिराला भावजयीनं हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. ती मोडण्याइतका राग विनताबाईंना आला नव्हता. शेवटी गोधडी गुंडाळून, कण्हत कण्हत मास्तरच बाहेर आले आणि त्यांनी दुसरा दंड धरला.

"काहून फिरवून राहिला बे? झोपू दे."

"नाही, दादा. मला कोणी झोपू देऊन राहिलं का?"

फाटकाशी शेजारच्या पुष्पाकाकू खिरीची वाटी घेऊन उभ्या होत्या. मास्तरांकडे पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"घे रे बाळा, एक घोट. तुझे हाल बघवत नाहीत."

मास्तर वाटीकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

"नका बघू, काकू," मास्तर म्हणाले. "पाय दुखताहेत, पोटात कळ येतेय, आणि किती दिवसांनी ते मला कळून राहिलंय. खीर घरी न्या."

काकू रागावून गेल्या. मास्तरांनी भावाला पुन्हा ओढलं.