स्नेहलता रजेवर आहेत

डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा मी तिचे घरी जायचे कपडे हातात घेऊन उभा होतो. त्या दिवशी तिला सोडणार होते. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन, साधंच. झालंही होतं नीट. आदल्या संध्याकाळी ती माझा हात न धरता चालली होती. सकाळी रक्ताची गाठ फुप्फुसात गेली. डॉक्टर वयाने लहान होते. त्यांनी मला आधी बसायला सांगितलं. मी बसलो नाही. मग त्यांनी सांगितलं. मी त्यांना विचारलं की आता या कपड्यांचं काय करू. मी काय विचारतोय ते त्यांना कळलं नाही.

तिचा फोन माझ्या खिशात वाजत होता. दोनदा कापला. तिसऱ्यांदा घेतला तर समरजित होता, कारखान्यातला तिच्या हाताखालचा मुलगा. कुठल्यातरी मालाच्या कागदांबद्दल विचारायचं होतं त्याला. मी त्याला सांगितलं. तो रडायला लागला.

हे मी मुद्दाम लिहितोय. कारखान्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझ्या सख्ख्या भावाच्या आधी कळलं होतं.

स्नेहलता बडोद्याजवळ वाघोडियाच्या एका कारखान्यात होती. तिथे वाफेच्या पाइपांवर बसवायचे व्हॉल्व्ह बनतात. बाहेर जाणारा प्रत्येक माल तपासून पास करायचा किंवा परत पाठवायचा, हे तिचं काम. तिचं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त. मी प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होतो, आता निवृत्त आहे. मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटमधून ती सकाळी कंपनीच्या बसने जायची.

हॉस्पिटलात जायच्या आदल्या संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला होता. रजेवर असताना कोणी मेल पाठवली तर आपोआप उत्तर जातं, तशी ती सोय करत होती. मी विचारलं, काय लिहिलंस. तिने वाचून दाखवलं. मी अमुक तारखेपर्यंत रजेवर आहे, तातडीचं असेल तर समरजितशी बोलावं, खाली नाव, स्नेहलता देव. मी म्हटलं, चार दिवसांचं काम आहे, आठवडा कशाला टाकतेस. ती म्हणाली, आठवडा टाकून चार दिवसांत गेलं की शेठ खूश होतो. उलटं झालं तर वर्षभर ऐकवतो.

दहावा, तेरावा झाला. इकडच्या पद्धतीने आम्ही बेसणं, म्हणजे शोकसभाही ठेवली. गुजराती पेपरात तिचा फोटो आणि वेळ छापून आली, सोसायटीच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी घातल्या. किरीटभाई, कारखान्याचे शेठ, अगदी पुढे येऊन बसले. तिच्या फोटोला हात जोडले, माझा हात धरून म्हणाले की बेन आमच्या घरच्याच होत्या. समरजित त्यांच्या मागे खाली मान घालून बसला होता.

रसिका, आमची मुलगी, बंगळूरला नोकरी करते. ती तिकीट काढते तेव्हा त्याची प्रत आईच्या ऑफिसच्या पत्त्यावर आपोआप जाते. तिनेच तशी व्यवस्था केली होती, कारण आई सारखी विचारायची, कितीची गाडी, कितीचं विमान. आई गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने तेराव्यानंतरचं परतीचं तिकीट काढलं तेव्हा तिच्या ते लक्षातच राहिलं नाही. आईचं उत्तर आलं. मी रजेवर आहे. तारीख उलटायची होती अजून. रसिका बराच वेळ मोरीत नळ सोडून उभी होती.

पुढच्या महिन्यात ती मासिक श्राद्धाला येणार होती. पुन्हा तिकीट काढलं, पुन्हा उत्तर आलं. तिने मला फोन केला.

"बाबा, आईची तारीख बदललीय."

मला वाटलं, यंत्र आहे, कोणी बंद केलं नाही तर चालूच राहणार. रसिका म्हणाली, नाही. तारीख संपली की ते आपलं आपण थांबतं. नवीन तारीख कोणीतरी आत शिरून हाताने घालावी लागते. मी विचारलं, नक्की का. ती म्हणाली, बाबा, माझं रोजचं काम आहे ते.

म्हणजे कोणीतरी खुर्चीवर बसलं, तिचा पासवर्ड घातला, आणि तिची रजा वाढवली.

मी वाघोडियाची बस पकडली. आधी तिच्या खोलीत गेलो. भिंतीवर तिचा फोटो लावला होता, वर हार. तिच्या खुर्चीवर समरजित होता. मला बघून उठला. काका, चहा मागवू का, म्हणाला. मी विचारलं, तारीख कोणी बदलली. त्याने दाराकडे बघितलं. मग म्हणाला, मीच बदलली, शेठनी सांगितलं म्हणून.

किरीटभाईंनी मला आत बसवलं. इथल्या गुजराती लोकांना येतं तेवढं मराठी त्यांना येतं, आणि ते ते प्रेमाने वापरतात. त्यांनी समजावलं ते असं. कारखान्याचा बहुतेक माल पुण्याची एक मोठी कंपनी घेते. त्या कंपनीने माल पास करायला माणूस ठरवून दिला आहे, नावानिशी. ते नाव स्नेहलताचं. ती रजेवर असेल तर हाताखालच्याने पास केलेलं चालतं. ती नसेलच तर नवीन माणसाची मंजुरी पहिल्यापासून घ्यायची, आणि ती मिळेपर्यंत एकही व्हॉल्व्ह बाहेर जाणार नाही. त्यांची वार्षिक तपासणी पुढच्या महिन्यात होती. ती एकदा पार पडली की समरजितचं नाव घालून घेऊ, असं ठरलं होतं.

मी म्हटलं, ती मेली आहे, तुम्ही बेसण्याला आला होतात.

"दामोदरभाई, गेलेल्या माणसाला रजेचं काय दुःख?" ते म्हणाले. "मागे शेडमध्ये साठ माणसं उभी आहेत. त्यांच्याकडे बघा जरा."

मी म्हटलं, तिने आयुष्यात एक खोटा कागद बाहेर जाऊ दिला नाही, आणि तुम्ही रोज तिच्या नावाने खोटं पाठवताय. त्यांनी मान हलवली, जणू मी बरोबर बोलतोय. मग म्हणाले, एवढी तपासणी होऊ द्या. त्यानंतर त्या पत्त्यावरून काय उत्तर जायचं ते तुम्ही लिहा. तुमचे शब्द, तसेच्या तसे, वर्षभर ठेवू. फक्त तोवर पुण्याच्या कोणाशी बोलू नका.

मी हो म्हटलं.

का म्हटलं, ते रसिकाने विचारलं तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. स्नेहलताच्या पत्त्यावर वीसेक वर्षांत जोडलेली माणसं होती, राजकोटची, कोइम्बतूरची. त्यांची नावंही मला माहीत नाहीत. मी त्यांना कुठून कळवणार. तिच्याच पत्त्यावरून सरळ शब्दांत कळावं, एवढंच मला हवं होतं, आणि त्याची किल्ली शेठकडे होती.

मी शब्द लिहिले. स्नेहलता देव वारल्या, पुढे तारीख. त्यांनी पास केलेला माल कधी परत आला नाही. यापुढे समरजित यांच्याशी बोलावं. रसिकाने त्याचं इंग्रजी केलं. मधलं वाक्य काढ म्हणाली, असं कोणी लिहीत नाही. मी काढलं नाही.

मग दातारांचा फोन आला.

दातार म्हणजे पुण्याच्या त्या कंपनीचे तपासणीस. दर वर्षी यायचे आणि एक जेवण आमच्याकडे व्हायचंच. दर वर्षी तेच. "वहिनी, तुम्ही बडोद्याचे लोक आमटीत गूळ घालता की गुळात आमटी?" आणि स्नेहलता म्हणायची, "आम्ही निदान वाढतो. पुण्यात नुसतं विचारतात." आणि दातार दुसऱ्यांदा आमटी घ्यायचे.

फोन तिच्याच नंबरवर आला. मी स्वयंपाकघरात उभा होतो, कुकर लावला होता. दातार म्हणाले, वहिनींना मेल केली तर अजून रजाच दाखवतेय, एवढी मोठी रजा त्या घ्यायच्या नाहीत, बरं आहे ना सगळं.

मी म्हणालो, "आहे. विश्रांती चालू आहे."

ते म्हणाले, तपासणीला येतोय तेव्हा भेटून जाईन. मी म्हणालो, नको, ती सध्या कोणाला भेटत नाही. ते हसले. मला भेटतील, म्हणाले. फोन ठेवल्यावर मी कुकर बंद करायला विसरलो आणि भात लागला. तोच खाल्ला.

तपासणीच्या दिवशी दुपारी समरजितने कळवलं की सगळं नीट पार पडलं, कागदावर सही झाली. भिंतीवरचा काकूंचा फोटो काल संध्याकाळी काढून कपाटामागे ठेवला होता, उद्या परत लावतो, हेही त्यानेच सांगितलं. मी म्हटलं, मग माझे शब्द आता घाल. तो म्हणाला, शेठ म्हणतात दातारसाहेब बडोदं सोडू देत.

दातारांनी बडोदं सोडायच्या आधी आमची बेल वाजवली. हातात श्रीखंडाच्या वड्यांचा डबा होता. मी दारातच उभा राहिलो, पण ते बूट काढत काढत आतल्या खोलीकडे बघून मोठ्याने बोलायला लागले होते. वहिनी, उठू नका, मी दोन मिनिटं बसतो आणि जातो. मला बाजूला व्हावं लागलं. समोरच्याच भिंतीवर तिचा फोटो आहे. चंदनाचा हार आहे.

ते थांबले. डबा तसाच हातात. मग विचारलं, कधी. मी तारीख सांगितली. ते मनात काहीतरी मोजत होते.

"म्हणजे मी फोन केला तेव्हा..."

मी म्हटलं, हो, तेव्हाही.

ते खुर्चीवर बसले. "आज सकाळी मी सही केली, दामोदरराव. स्नेहलता देव रजेवर आहेत, असं लिहून सही केली." मग म्हणाले, "शेठ सांगणार नाही हे मला कळतं. तुम्ही सांगायला हवं होतं."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या बदल्यात तिच्या पत्त्यावर माझे शब्द लावणार आहेत, हेही सांगितलं. त्यांनी विचारलं, कुठले शब्द. मी कागद आणून वाचून दाखवला. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"चांगले आहेत," म्हणाले आणि बूट घालायला उठले. मी पाणी आणलं होतं. ते घेतलं नाही. फोटोला नमस्कार केला आणि गेले. डबा टीपॉयवर राहिला.

त्यांनी सही मागे घेतली नाही. घेतली असती तर आपण चौकशी न करता सही केली असं त्यांनाच लिहून द्यावं लागलं असतं. नोकरीची शेवटची दोन वर्षं आहेत त्यांची. मी दोष देत नाही. दोष देणारा मी कोण. मी केलेले फोन मात्र ते आता उचलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी रसिकाने बघायला म्हणून एक मेल पाठवली. उत्तर बदललं होतं. स्नेहलता देव यापुढे या संस्थेत काम करत नाहीत. समरजित यांच्याशी संपर्क साधावा. बास.

मी किरीटभाईंना फोन केला. ते चिडले नाहीत. म्हणाले, माझं तर कबूल होतं, पण मुलाने आणि वकिलाने मिळून हे ठरवलं. सकाळी सकाळी गिऱ्हाईक मेल उघडणार आणि त्यात मरणाची गोष्ट, अपशकुन वाटतो माणसाला. शिवाय अर्थ तर तोच झाला ना, म्हणाले. काम करत नाहीत म्हणजे करत नाहीत. आणि ते माल परत न आल्याचं वाक्य तर अजिबातच घालता येणार नाही, कारण मग आता पास होणाऱ्या मालाचं काय, असं कोणी विचारेल.

मी म्हटलं, तुम्ही बेसण्याला माझा हात धरून बोलला होतात. ते म्हणाले, दामोदरभाई, जेवायला या एकदा.

समरजितला मी शेवटी बस थांब्यावर गाठलं. पासवर्ड त्याच्याकडे आहे. पाच मिनिटांचं काम आहे, रसिकाने सांगितलंय मला. त्याच्या गळ्यात आता नवीन ओळखपत्र होतं, त्यावर स्नेहलताचं पद होतं. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "काका, मी केलं तर त्यांना लगेच कळणार. माझ्याशिवाय कोणी नाही तिथे." काकूंनी मला काम शिकवलं, मी विसरलेलो नाही, असंही म्हणाला. बस आली आणि तो चढला.

परवा तिच्या फोनवर कोइम्बतूरच्या कोणाचा तरी निरोप आला. मॅडम, तुम्ही नोकरी सोडल्याचं कळलं, आम्हाला न सांगता गेलात, नवीन ठिकाणी कुठे लागलात, पत्ता कळवा. मी त्याला उत्तर लिहिलं, ती वारली. त्याने लगेच फोन केला आणि हिंदीत बोलत राहिला, त्याला खरंच वाईट वाटलं होतं. असं एकाला कळलं. बाकीच्यांसाठी ती नोकरी सोडून गेली आहे.

मासिकं संपत आली, वर्षश्राद्ध येईल. रसिका म्हणते, बाबा, सोडून द्या आता. ती वारली, हे तिच्या पत्त्यावरून अजून कोणालाही कळवलेलं नाही.